उबेच्या पेटीवर पहारा

"मामाकडची ताई काही बोलत नाही, म्हणून तिला काही लागत नाही असं समजू नकोस हं," सुट्टीला निघताना आईने बजावलं होतं. टिटवीने ते एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. दिवसभर कलकल करायची म्हणून घरात सगळे तिला टिटवी म्हणत. गप्प माणसांकडे बघायला तिला वेळ कुठला?

मामाकडे आल्यापासून मात्र एकच पालुपद कानावर पडत होतं. ताईला उठवावं लागत नाही. ताईला सांगावं लागत नाही. मामी अंडी उबवून पिल्लं विकायची, आणि मागच्या खोलीतली ती उबेची पेटीसुद्धा तिने आपल्या या लेकीच्याच हवाली केली होती. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूला सूर्य काढलेला, दुसऱ्या बाजूला चंद्र. सकाळी सूर्य वर, संध्याकाळी चंद्र वर. अंडी फिरवली नाहीत, तर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं.

"मला दे ना एकदा," टिटवी म्हणाली.

"तू अंडी फिरवशील की भोवरे?" तिचा धाकटा भाऊ मुंगळा म्हणाला. गोड दिसलं की चिकटायचा, म्हणून मुंगळा.

ताई नुसती हसली. टिटवीला तिचा हेवाच वाटला.

आणि मग रोज दुपारी पेटीतल्या तापमापकाचा पारा उतरलेला दिसू लागला. ऊब देणारा दिवा तर चालूच असायचा!

"झाकण उघडं ठेवलंस?" मामीने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली.

"मग पारा काय आपोआप उतरतो? गारठून मरतील गं पिल्लं! उद्यापासून टिटवी बघेल. तू खोलीत पाऊल टाकायचं नाहीस."

टिटवीला आभाळ ठेंगणं झालं. झाकण उचलून आत बघायची तिला कोण हुक्की आली होती, पण तिने हात मांडीखाली दाबून धरले. ताईपेक्षा चांगलं करून दाखवायचं होतं ना. तरी ती जेवून परत येते तो पारा खाली!

"दुपारी झाकणाला तर मी हातही लावला नाही," ती मुंगळ्याला म्हणाली. "आपण जेवत असताना इथे कोण येतं?"

दुसऱ्या दिवशी भराभर चार घास गिळून दोघं कोंड्याच्या पोत्यांमागे दडली.

"शिंक आली तर?"

"गिळ."

दार करकरलं. बिघडलेला रेडिओ काखोटीला मारून मामा आले. त्यांनी पेटीची पिन उपटली, दिवा विझला आणि त्या जागी तारा जोडायच्या सोल्डरिंगच्या यंत्राची पिन बसली. मग मामा रेडिओत असे बुडाले की बुडालेच. निघताना त्यांनी पेटीची पिन पुन्हा बसवली, तोच टिटवी समोर उभी.

"मामा, तुम्ही?"

"अगं, ही पिन दुसरीकडे बसत नाही," मामा चाचरले. "आणि कोंबडी नाही का दाणे टिपायला अंड्यांवरून उठत? तेवढ्याने काय होतंय!"

"कोंबडी लगेच परत येते," मुंगळा म्हणाला. "रेडिओ उघडून बसत नाही."

मामा ओशाळले. "पुन्हा नाही काढणार. मामीला मात्र सांगू नका." आणि मुंगळ्याचं तोंड त्यांनी चॉकलेटने बंद केलं.

टिटवीचं तोंड मात्र एका विचारानेच बंद झालं. आता पारा उतरणार नाही. टिटवीने पेटी सांभाळली, ताईला जमलं नाही, असंच सगळे म्हणणार. आपण खोटं बोलायलाही नको. नुसतं गप्प बसायचं.

संध्याकाळी ती अंडी फिरवायला गेली. खिडकीबाहेर काचेला नाक लावून ताई उभी होती. डोळे सुजलेले.

"कोपऱ्यातलं सांभाळून हं," ताई म्हणाली. "त्याचं कवच पातळ आहे."

"आत ये ना."

"आई नको म्हणालीय."

टिटवीला निघतानाचं आपल्या आईचं बोलणं आठवलं. हातातलं अंडं कोमट होतं, आणि ते हातात धरायची तिला लाज वाटली.

जेवताना तिने विचारलं, "मामी, कोंबडी रेडिओ दुरुस्त करते का?"

मामांना जोराचा ठसका लागला. मग त्यांनी स्वतःच सगळं सांगून टाकलं. मामी उठली आणि ताईच्या डोक्यावरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिली.

पिल्लं निघाली तेव्हा सगळ्यांत आधी टकटक झाली ती कोपऱ्यातल्या अंड्यात. सगळीच काही वाचली नाहीत. मामांनी ती न फुटलेली अंडी स्वतः उचलली, मान खाली घालून.

"उगाच झाकण न उघडता बसलीस, ते छानच," मामी टिटवीला म्हणाली. "पण गप्प राहून चाललं असतं तिथे बोललीस, ते माझ्याही हातून झालं नसतं."

पहिलं पिल्लू ताईच्या तळहातावर गेलं, तेव्हा टिटवीला पुन्हा थोडा हेवा वाटलाच. ताईने तिच्याकडे पाहिलं आणि ते ओलं, धडधडणारं पिल्लू हळूच तिच्या ओंजळीत ठेवलं.

तुमच्याही घरात असं कुणीतरी असेल, सगळं नीट करणारं आणि काही न बोलणारं. पुस्तक मिटा आणि जरा बघून या, ते कुठल्या खिडकीबाहेर तर उभं नाही ना?