मांजरांच्या रांगेखाली

"हात काढ ताई! मासा चावेल!" शेपूट किंचाळला.

"हे मासे कुठले चावतायत!" मुंगी म्हणाली खरी, पण हात तिने झटकन बाहेर काढला. माशांची भीती नव्हती, भीती पाण्याची होती. टाकीतलं पाणी गारढोण होतं!

मुंगी म्हणजे बारा वर्षांची मुलगी, अंगापिंडाने इतकी बारीक की घरादारात तेच नाव पडलं. तिचा धाकटा भाऊ दिवसभर तिच्या मागे मागे, म्हणून तो शेपूट. सुट्टी लागली की दोघं मामांकडे यायची. मामांचा कापड रंगवायचा कारखाना घराला लागूनच होता. त्यांचा मुलगा मुंगीपेक्षा वर्षाने मोठा. त्याने स्वतःच स्वतःला कप्तान नेमलं होतं आणि या दोघांनी भांडण नको म्हणून ते मान्य केलं होतं.

कारखान्याच्या दारातली ही माशांची टाकी मामांच्या जिवाचा तुकडा. रंगाचं घाण पाणी मागच्या शुद्धीकरणाच्या हौदांतून फिरून, स्वच्छ होऊन शेवटी हिच्यात यायचं. पाहुणा आला की मामा त्याला बाही वर करायला लावायचे. "घाला हात! कोमट लागलं ना? सकाळी रंगाच्या कढईत उकळत होतं, आता त्यात मासे पोहतायत!"

"कप्तान, पाणी गार आहे," मुंगी हळूच म्हणाली.

"मग? थंडी आहे."

"बॉयलर तर धडधडतोय की! कढया उकळतायत. मग हे गार कसं?"

कप्तानाने टाकीला एक फेरी मारली आणि कुंड्यांच्या आड वाकून बघितलं. बागेच्या नळाची हिरवी नळी गुपचूप टाकीत सोडलेली होती!

"अरे बापरे! म्हणजे हे नळाचं पाणी! आणि गरम पाणी कुठे जातंय?"

"मांजरांना विचारा," शेपूट म्हणाला. "मागच्या गल्लीत रोज सकाळी मांजरं फरशीवर झोपतात. सगळी एका ओळीत. शाळेतसुद्धा कुणी एवढं सरळ बसत नाही!"

कप्तान हसला. मुंगीला मात्र हसू येईना. "चला बघू," ती म्हणाली, आणि लगेच वाटलं, उगाच म्हणाले.

मागच्या गल्लीत कुडकुडायला लावणारा वारा होता, तरी मांजरं पाय पसरून घोरत होती. कारखान्याच्या भिंतीपासून थेट गल्लीच्या टोकापर्यंत, एका रांगेत! मुंगीने फरशीला तळहात लावला. फरशी उबदार होती. खाली जुनं, बुजवलेलं म्हणून सांगितलेलं गटार होतं.

रांग संपली तिथे एक पडका हौद होता. तळाशी गडद निळा चिखल आणि बोट जाईल एवढ्या भेगा. पाणी येत होतं आणि भेगांतून मुरत होतं.

"मुरून जातं कुठे?" कप्तानाने विचारलं, आणि दोघांची नजर एकाच जागी गेली. हौदाला खेटून विहीर होती. सगळी गल्ली तिचंच पाणी प्यायची. मामांच्या स्वयंपाकघरातलं पाणीही तिथलंच!

सकाळीच मुंगी दोन पेले प्यायली होती. शेपटालाही तिनेच प्यायला दिलं होतं.

"शेपटा, इकडे ये. शेपटा?"

"इथे आहे!" आवाज हौदातून आला. "पिल्लू पडलंय गं खाली. मी काढतो."

लोखंडी कड्यांवर पाय देत तो तळाला पोहोचलासुद्धा होता. पिल्लाला शर्टात कोंबून तो वर चढायला लागला, आणि शेवटची गंजलेली कडी कडकन तुटली. पिल्लू उसळून वर पळालं. शेपूट निळ्या चिखलात बदकन बसला!

कप्तान पालथा पडला, हात लांबवला. हात पोहोचेना. तेवढ्यात कारखान्यात घंटा वाजली. ठण्ण!

कप्तानाचा चेहरा पांढराफटक पडला. "ही पहिली घंटा. कढई रिकामी करायच्या आधी वाजवतात, माणसं बाजूला व्हावीत म्हणून. दुसरी वाजली की उकळतं पाणी सोडतात!"

"ताई!" शेपूट खालून रडायला लागला. "मला वर घे ना!"

मुंगीला वाटलं, तिथेच डोळे मिटून बसावं. पण कारखान्याचं मागचं दार साखळीने बांधलेलं, आणि त्याच्या फटीतून कप्तानाचं डोकंही आत गेलं नसतं. ती धावली, अंग चोरून आत घुसली. आत वाफच वाफ! मशिनची घरघर इतकी की स्वतःची किंकाळी स्वतःला ऐकू येईना. हाताला चटका बसला, गुडघा आपटला. मनात एकच चाललं होतं, दुसरी घंटा वाजू नये, वाजू नये!

वाफेत एक उंच आकृती दिसली. मॅनेजरकाका! एक हात घंटेच्या दोरीवर, दुसरा पाणी सोडायच्या मोठ्या लाल चाकावर. मुंगीने त्या हाताला मिठीच मारली.

"थांबा! हौदात माझा भाऊ आहे!"

मॅनेजरकाका गोठले. 'कुठला हौद' हेही त्यांनी विचारलं नाही. त्यांनी चाक घट्ट आवळलं आणि शिडी घेऊन धावले. शेपूट बाहेर आला तेव्हा कमरेपर्यंत निळा झाला होता. मुंगीने त्याला असं कवटाळलं की तो म्हणाला, "ताई, आता तूच मारशील मला!"

"हे बघा," मॅनेजरकाका घाम पुसत म्हणाले, "घरी एक शब्द बोलायचा नाही. बोललात तर कारखाना बंद पडेल. कामगारांच्या चुली विझतील. तुमच्यामुळे!"

ही भीती पहिल्या भीतीहून वाईट होती. त्या कामगारांतल्या कितीतरी जणांना मुंगी काका म्हणायची. तरी ती मामांकडे गेलीच. मामा नवा सदरा घालून धावपळ करत होते. "नंतर गं राणी! कापडाच्या मोठ्या व्यापारी बाई यायच्यात आत्ता!"

टाकीजवळ वाफाळत्या पाण्याची झाकलेली बादली ठेवलेली होती. मुंगीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाहुणे यायच्या आधी टाकीत गरम पाणी ओतायचं, म्हणजे हाताला कोमट लागतं!

"कप्तान, शेपटाचे पाय फारच निळे झालेत, नाही का?"

कप्तानाने डोळे मिचकावले. बादली मोरीत गेली, गार पाणी मिसळलं गेलं, आणि शेपटाला आयुष्यातली सर्वात लांब आंघोळ घडली. मॅनेजरकाका बादली शोधत राहिले, आणि तेवढ्यात गाडी आलीच.

"घाला हात बाई!" मामा ऐटीत म्हणाले.

बाईंनी हात घातला आणि "आई गं! हे तर बर्फ आहे!" म्हणून ओढून घेतला.

मामा हसले. मग त्यांनी स्वतः हात घातला. त्यांचं हसू मावळलं.

"बॉयलर आज जरा..." मॅनेजरकाका चाचरले. मागे बॉयलर धडधडतच होता.

मुंगी पुढे आली. सगळे मोठे तिच्याकडेच बघत होते. "मामा," ती कशीबशी म्हणाली, "चप्पल काढा आणि मागच्या गल्लीत चला."

बाई आणि मॅनेजरकाकांना मागे घेऊन अनवाणी मामा फरशीवरून चालत गेले. पायाखालची ऊब त्यांना पुढे नेत होती आणि पावलागणिक त्यांची मान खाली जात होती. त्यांनी हौद बघितला. मग विहीर बघितली. मग शेपटाचे अजूनही निळसर असलेले पाय.

"हे काय केलंत?" ते मॅनेजरकाकांवर कडाडले.

"साहेब, तुम्हीच म्हणालात, खर्च कमी करा, कसा ते मला सांगू नका," मॅनेजरकाका खाली बघत म्हणाले. "शुद्धीकरणाचे पंप बंद ठेवले, म्हणून तर यंदा नफा वाढला. तुम्ही पेढे वाटलेत."

मामांनी पुन्हा विहिरीकडे बघितलं.

"पंप चालू करा, मग मला बोलवा," व्यापारी बाई म्हणाल्या. "कापड तेव्हा घेईन. आणि या मुलीला माझ्या दुकानात कधीही नोकरी आहे!"

मामांनी कढयांखालचे जाळ बंद करायला लावले. पंप दुरुस्त होईपर्यंत कामगारांचा पगार चालू राहील, तोही त्यांच्या खिशातून, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. पंपांची साफसफाई मॅनेजरकाकांनी स्वतः करायची ठरली. मग मामा मुंगीला म्हणाले, "शाबास गं! तुला भीती नाही वाटली?"

"खूप वाटली. अजून वाटतेय. गल्लीतली सगळी तेच पाणी पितायत ना, मामा?"

मामा गल्लीच्या पहिल्या दारापाशी गेले. कडी वाजवायला हात उचलला आणि तो तिथेच थांबला. मुंगीने त्यांचा दुसरा हात धरला आणि कडी स्वतः वाजवली.

दार एका म्हाताऱ्या आजींनी उघडलं. "विहिरीचं पाणी पिऊ नका आजी," मामा म्हणाले. "मी घाण केलंय ते. गल्लीला आजपासून टँकर मी आणतो."

आजींनी सगळं ऐकून घेतलं. आधी त्यांनी हातातला भरलेला तांब्या अंगणात रिकामा केला. मग मुंगीला जवळ ओढून तिच्या केसांवरून हात फिरवला.

"गुणाची गं माझी! तुझी शाबासकी ही घे, आत्ताच," त्या म्हणाल्या आणि मामांकडे वळल्या. "तुझी ठेवली आहे बाबा. विहीर साफ करून तिचं पाणी तू माझ्यासमोर प्यायलास, की घेऊन जा."

मामांनी मान हलवली, आणि ते पुढच्या दाराकडे निघाले.