मेणाचा वाटा

लुगेंडा नदीकाठच्या अभयारण्यात मी आणि माझा थोरला भाऊ अलीफा पाहुण्यांना जंगल दाखवायचो. त्या दिवशीचं काम तर अगदी सोपं होतं, मधाचा पक्षी दाखवायचा. ‘ब्रर्र... हम्म’ अशी हाक दिली की तो येतो आणि झाडाझाडावरून पोळ्यापर्यंत नेतो. मध आपला, मेण त्याचं. त्याचा वाटा बुडवला तर पुढच्या खेपेला तो सिंहाच्या दारात नेतो, असं आमचे म्हातारे सांगतात.

पोळं काढल्यावर अलीफाने सगळं मेण पाहुण्यांना देऊन टाकलं, आठवण म्हणून.

"दादा, त्याचा वाटा?"

"तो काय उपाशी मरतोय? तू तर काळजी करण्यात तुझ्या वहिनीच्या वरताण निघालास," तो हसला.

दुसऱ्या सकाळी तो एकटाच मधाला गेला. उन्हं कलली तरी परतला नाही. वहिनी तान्ह्या पोरीला घेऊन दारात उभी होती. "काहीही कर, पण त्यांना घेऊन ये," एवढंच म्हणाली.

हाका मारून माझा घसा बसला. त्याची पावलं कोरड्या ओढ्याच्या वाळूत मधेच संपली होती. शेवटी मी पक्ष्याला हाक दिली. ज्याला फसवलं त्याच्याच पाया पडायची वेळ आली होती.

तो लगेच आला, वाट पाहत असल्यासारखा. मी मागे निघालो. हळूहळू रातकिडे गप्प झाले. मधाचा वास आला, आणि त्याखाली सिंहाचा उग्र दर्प.

"ब्रर्र... हम्म."

ती आमच्याच घरची हाक होती. शेवटी उचकी लागल्यासारखा झटका, वडिलांकडून आलेला. तो झटका फक्त आम्हा दोघांनाच जमतो.

"दादा...?"

गोरखचिंचेच्या बुंध्यात अलीफाची कुऱ्हाड रुतली होती. जवळ कुणी नव्हतं. वर फांदीवर पक्षी बसला होता. त्याने चोच उघडली, आणि माझ्या भावाच्या आवाजात हाक आली.

मी पोळं तोडून अख्खं त्याच्यापुढे ठेवलं. "सगळं घे... पण दादाला परत दे." मी रडत होतो. त्याने मेणाकडे पाहिलंही नाही.

आता तो पक्षी रोज सकाळी अंगणात येतो आणि दादाच्या आवाजात हाक देतो. वहिनी मेण ठेवते, ते तसंच राहतं. तिने पोरीला पाठीशी बांधून ठेवलंय, खाली म्हणून सोडत नाही. पोरीला अजून ‘आई’सुद्धा म्हणता येत नाही.

काल पोरीने पक्ष्याला उत्तर दिलं. शेवटच्या उचकीसकट.