डावीकडचं पेडल

नवे पॅड बसवल्यावर ब्रेक पहिल्यांदा दाबला की पेडल थेट तळाला जातं. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. चार-सहा वेळा दाबलं की पॅड डिस्कला टेकतात आणि पेडल कडक होतं. दिवसभर प्रयोगशाळेत मोजमापं घेणाऱ्या तिला हे वाचून ठाऊक होतं. सकाळी तिने घरीच पुढचे पॅड बदलले, डाव्या चाकाचे दोन झिजलेले स्टडही बदलले. ज्या दांड्यांवर चाक चढवून नट आवळतात, ते स्टड.

गाडी बाबांची. मोटार शिकवण्यात त्यांचा जन्म गेला, तोही डावीकडच्या सीटवर. तिथे त्यांचं स्वतःचं ब्रेकचं पेडल होतं. रबरावर तिरक्या रेघा, वापराने तुटून पडलेला एक कोपरा. शिकणारा गोंधळला की बाबा ते हळूच दाबत आणि म्हणत, "घाबरतोस काय? मी बसलोय ना!"

वर्ग बंद झाल्यावर तिने ते पेडल काढून शेडमधल्या खिळ्याला अडकवलं. यंदा बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. उद्या त्यांना याच गाडीतून तपासणीला न्यायचं होतं आणि दवाखान्याच्या वाटेवर मोठा उतार होता. म्हणून ही सगळी उठाठेव.

दुपारी ती गाडी चालवून बघायला निघाली. सपाट रस्त्यावर सगळं ठीक होतं. उताराच्या तोंडाशी मात्र, तिचा पाय ब्रेकवर नसताना, गाडी हळू होत गेली. शिकाऊ माणसाला सांभाळून घ्यावं तशी. मग इंजिन आचका देऊन बंद पडलं.

मागून शेजारचे काका स्कूटरवरून येत होते. ते जेमतेम थांबले.

"अगं बाई, मध्येच ब्रेक काय मारतेस? तुझ्या डिकीत बसलो असतो आत्ता!"

"मी नाही मारला, काका."

"मग काय मी मारला? मागचे लाल दिवे लागले होते की चांगले!"

ती पहिल्या गियरमध्येच घरी परतली. जॅक लावण्याआधी नट सैल करायला पाना घेतला, पण त्याची गरजच पडली नाही. नव्या स्टडचे दोन्ही नट बोटांनी फिरले. स्टड पूर्ण आत बसले नव्हते. गाडी चालताना ते आत सरकले आणि नट ढिले पडले. थोडं चालवून नट पुन्हा आवळायचे असतात, हे ती साफ विसरली होती. तिसऱ्या नटानेही जागा सोडायला सुरुवात केली होती. उतारावर वेग घेतला असता तर चाक निघून गेलं असतं.

तिने जॅक लावला आणि चाक उतरवलं.

मग तिने स्टड नीट ओढून बसवले, नट आवळले, गाडी फिरवून आणली आणि पुन्हा आवळले. उतारावरही जाऊन आली. तिने दाबला तेव्हाच ब्रेक लागला.

कुंपणापलीकडून काकांनी विचारलं, "सापडलं का दुखणं?"

"नट ढिले होते. चाक डगमगलं, पॅड घासले, म्हणून गाडी थांबली."

"वा! बापाची लेक शोभतेस. फक्त पुढच्या वेळी मला मागे ठेवू नकोस."

ती हसली. हात धुताना मात्र साबण तसाच हातात राहिला. पॅड घासले तर गाडी थांबेल. दिवे लागणार नाहीत. ब्रेकचे दिवे पेडल खाली गेल्याशिवाय लागत नाहीत.

एखादी तार सैल असेल, असं तिने ठरवलं.

संध्याकाळी ती नेहमीप्रमाणे ओल्या टॉवेलने बाबांचे पाय पुसायला बसली.

"बाबा, गाडी झाली बरं का. उद्या जाऊ."

बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते सरळ समोर बघत होते, एकाग्र, समोर रस्ता असावा तसे.

तिने त्यांचं उजवं पाऊल उचललं. कित्येक महिन्यांत ते आपणहून हललं नव्हतं.

तळव्यावर तिरक्या, तांबूस रेघा होत्या.

तिने त्या पुसून पाहिल्या. तो मळ नव्हता. वळ होते, ताजे आणि खोल.

एका कोपऱ्यात तेवढी कातडी कोरी होती.