सातव्याचं थांबणं

"पानावरी पान, पालथं गं पान… मनातलं माझ्या ओळखील कोण…"

पत्ते पिसताना आत्या हे गुणगुणायची. आवाज जरा चिरका, पण कानाला ऊब देणारा. आणि समोरच्या भाचीला पान टाकायला वेळ लागला, की म्हणायची, "तुझं होऊ दे गं सावकाश. मी काय कुठे पळून चाललेय?"

मग एके दिवशी गेलीच. त्याला आता चार वर्षं झाली.

त्या घरात आता एक कप, एक ताट आणि कुलपाची एकच किल्ली. भाची रोज सकाळी कामाला निघायची आणि दिवसभर पुन्हा पत्तेच खेळायची, पण माणसांशी नाही. तिच्या कचेरीत पोकर शिकवणारं सॉफ्टवेअर तयार व्हायचं. पडद्यावर समोर बसणारे आठही भिडू संगणकाचे. त्यांची खुबी अशी, की ते तुमच्याशी खेळता खेळता तुम्हालाच शिकायचे. तुम्ही थाप कधी मारता, कशाला बिचकता, ते हेरून आपली चाल बदलायचे. त्यांच्याशी खेळून त्यांच्या चुका नोंदवणं हे तिचं काम. तिच्यातून एकही चूक सुटत नसे, म्हणून सगळे तिला 'चाळणी' म्हणत.

बाकीचे सात भिडू आपापली चाल खेळून मोकळे व्हायचे. सातव्या क्रमांकाचा मात्र… थांबायचा. चार वाजता चहा आला, की तिचा हात मंदावायचा, आणि ते शिकून त्याचीही चाल रेंगाळायची. हरून ती जरा गप्प झाली, की तो पुढचा डाव मांडायची घाई करायचा नाही. जणू पलीकडे कुणी हातावर हनुवटी टेकून बसलंय.

एका दुपारी ती पाण्याची बाटली भरून परत आली, तर तिच्या खुर्चीत एक अनोळखी माणूस! स्वेटर कोपरावर विरलेला, कानामागे पेन्सिल.

"ही जागा माझी आहे."

तो इतक्या घाईने उठला, की खुर्चीच लवंडली. "माफ करा… मी वरच्या मजल्यावरचा. सातवा मी केलाय. म्हटलं, तुमच्या नावाने खेळून बघावं, फसतो का."

"मग? फसला?"

"तीन डाव. मग कळलं त्याला, ही ती नव्हे म्हणून. तिथून खेळच बिघडला त्याचा."

"रुसला म्हणा ना."

"रुसायला मी नाही शिकवलं…" त्याने पेन्सिल काढली, पुन्हा कानामागे खोचली. "तुम्हीच शिकवलं असेल."

ती हसली. आपलंच हसू तिला परकं वाटलं. खूप दिवसांनी उघडलेल्या खणासारखं, जरा करकरत आलं.

त्यानंतर तो रोज चारला खाली उतरू लागला.

"आज काय बिघडलं?"

"काहीच नाही. म्हणूनच आलो. मला शंका आली."

बोलताना तो अर्ध्यातच थांबायचा, उरलेलं वाक्य पेन्सिलीच्या टोकावर शोधायचा. ती वाट बघायची. घरी परतल्यावर भिंतींना काहीतरी सांगावंसं वाटू लागलं होतं… पण भिंतीच त्या, त्या काय ओ देणार!

आणि मग तो गुरुवार आला. बाहेरची माणसं आठही भिडूंशी खेळून बघायला आली. सातवा सगळ्यांकडून हरला. अगदी नवख्यांनीसुद्धा दहा मिनिटांत त्याला धुऊन काढलं. भलतीकडेच थांबायचा, भलतीकडेच बिचकायचा. कचेरीच्या मोठ्या बाईंचा चेहरा बघवत नव्हता.

संध्याकाळी तो खाली आला. आज कानामागे पेन्सिल नव्हती.

"त्याला चाळीस जणांच्या डावांवर शिकवायचं होतं. मी… आठ महिने फक्त तुमच्याच डावांवर शिकवलं."

"का पण?"

"बाकीचे जिंकायला खेळतात. तुम्ही, समोर कुणीतरी असावं म्हणून खेळता. जिंकायची पानं हातात असून डाव लांबवता. इतरांचे डाव मिसळून ते मला… मोडवेना."

तिचं पालथं ठेवलेलं पान कुणीतरी न विचारता उलटून बघितलं होतं.

"तुम्हाला माझे डाव तपासायला दिले होते," ती म्हणाली. "मला नव्हे."

तो मान खाली घालून निघून गेला.

शुक्रवारी सकाळी मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. "काय गं चाळणे, हे तुझ्यातून कसं सुटलं? आधी कळलं असतं तर त्याला सुधारणं दोन दिवसांचं काम होतं."

"नाही दिसलं, बाई."

थाप होती. आणि पचलीसुद्धा. दुपारी निर्णय कळला: पाच वाजता सातवा पुसून टाकायचा, आणि त्याच्या कर्त्याची सोमवारपासून दूरच्या शाखेत बदली.

ती शेवटचा डाव खेळायला बसली. चारला चहा आला. तिने कप हातात घेतला, आणि सातवा थांबला. चहावर साय धरली तरी थांबलेलाच. बिचाऱ्याला काय ठाऊक, आपला तासच उरलाय म्हणून! तो नुसता आकड्यांचा खेळ, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी तिचे डोळे भरून आले.

तिने कप खाली ठेवला, चुकांची नोंदवही उघडली आणि लिहिलं: 'सातवा फक्त माझ्याच खेळाला सरावलाय. हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. मी मुद्दाम नोंदवलं नाही.' खाली स्वतःचं नाव घातलं, बाईंना पाठवलं आणि जिना चढून वर गेली.

तो खोक्यात सामान भरत होता. सामान तरी काय, चार पेन्सिली आणि तो स्वेटर.

"मी बाईंना लिहून पाठवलंय," ती धापा टाकत म्हणाली. "मला माहीत होतं सगळं."

"अहो पण… तुमची नोकरी!"

"जाईल नाहीतर राहील. खापर एकट्या तुमच्या डोक्यावर नको."

त्याने हातातली पेन्सिल खाली ठेवली. "माहीत होतं, तर नोंदवलं का नाहीत?"

"कारण…" तिची नजर घड्याळाकडे गेली. घड्याळात पाचला दहा कमी होते. त्याने खोकं बाजूला सारलं आणि टेबलाच्या कडेला टेकून बसला.

"सावकाश सांगा," तो म्हणाला. "मी थांबलोय."

चार वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं.

"नोंदवलं असतं, तर तुम्ही त्याला सुधारलं असतं… आणि दिवसभरात माझ्यासाठी थांबणारा तेवढा एकच होता." आता ती अडली नाही. "रोज वाटायचं, याला असं थांबायला शिकवणारा माणूस कसा असेल? मग तुम्ही आलात. काल तुमच्यावर चिडले ना, ते तुमचं खरं होतं म्हणून… पाचला तो जाईल. जाऊ दे. तुम्ही नका जाऊ. मला तुम्ही हवे आहात."