लिपा हॉलमध्ये चुकलेला सूर

मला आधी त्याचे बूट दिसले, तो नंतर.

मी स्टेजवर उताणी पडले होते, टेबलासारख्या चार पायांवर उभ्या असणाऱ्या माझ्या स्टील गिटारच्या खाली, दातांत एक स्क्रू धरून. लिपा हॉलमधल्या रविवारच्या नाचाला तासभर उरला होता आणि येताना गाडीत एका पेडलची सळई निखळली होती. तेवढ्यात दोन बूट माझ्या डोक्याशी येऊन उभे राहिले. टाचा झिजलेल्या, पण पॉलिश त्याच सकाळचं.

“स्टील वाजवणारे कुठे भेटतील?” वरून आवाज आला. खरखरीत आवाज, नुकताच झोपेतून उठल्यासारखा.

“भेटलेच आहेत,” मी स्क्रू काढून म्हटलं.

मग तो गुडघ्यांवर बसला आणि मान वाकडी करून खाली डोकावला. दाढी, तपकिरी डोळे, भिजलेली हॅट... हॅटच्या कडेवरून पावसाचा एक थेंब ओघळला आणि नेमका माझ्या कपाळावर पडला.

“माफ करा हं,” तो म्हणाला. “मला वाटलं, कुणी टक्कल पडलेले आजोबा असतील.”

“ते सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आता मी आहे. चालेल ना?”

“चालेल काय... धावेल.”

“मग तो पाना द्या इकडे. आणि हॅट काढा, गळतेय.”

त्याने पाना दिला, हॅट काढली, पण गेला मात्र नाही. सळई बसेपर्यंत तसाच वाकून बघत राहिला. माझं नाव विचारलं. नेल्डा कुबेना, मी सांगितलं. त्याचं नाव रॉइस टिडवेल. मला ते आधीच ठाऊक होतं, पण तसं दाखवायची काय गरज?

झालं होतं असं, की आमचा गायक व्हर्नन याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी त्याला गाण्यातून कायमचं उठवलं होतं. बँड एमिल काकांचा. माझे सख्खे काका, बास वाजवतात आणि सगळ्यांना धाकात ठेवतात. त्यांनी कुठून कुठून चौकशी करून या रॉइसला पश्चिम टेक्ससमधून बोलावलं. तिकडे तेलविहिरींजवळच्या हाँकी-टाँकमध्ये, म्हणजे जिथे गाणं आवडलं नाही तर बाटल्या फेकतात अशा दारूच्या अड्ड्यांत, तो चार वर्षं गात होता. मधे आठ महिने नॅशव्हिलला, जिथे या गाण्यांच्या रेकॉर्ड निघतात तिथे, जाऊन आला होता. तिथल्या लोकांनी त्याला दाढी काढ म्हणून सांगितलं आणि मागे वीस व्हायोलिनं लावली. हा गिटार उचलून घरी आला. पंच्याहत्तर साल होतं ते. त्या वर्षी नॅशव्हिलच्या गुळगुळीत गाण्यांना वैतागून टेक्ससला परतणारा तो काही एकटा नव्हता.

“तीन रविवार,” काकांनी त्याला बजावलं. “तिसऱ्या रविवारी संध्याकाळी सांगतो, राहायचं की जायचं.”

त्या दिवशी त्याने पहिलंच गाणं उचललं आणि माझ्या मानेवर काटा आला. आवाज घोगरा, उंच गेला की किंचित फाटणारा. पण त्यात खोटं काही नव्हतं. बायको सोडून गेलेल्या माणसाचं गाणं गाताना तो खरंच रिकाम्या घरात उभा आहे असं वाटायचं. हॉलमधली जोडपी फिरायला लागली, सगळी एकाच दिशेने, लाकडी जमिनीवर बूट घासत.

गाणं संपलं. रॉइस थांबला. हॉल शांत. दुसरं, तिसरं, चौथं... दर गाण्याला त्याचा चेहरा आणखी उतरत गेला. मध्यंतर झालं तेव्हा तो स्टेजच्या पायरीवर मटकन बसला.

“एकानेही टाळी वाजवली नाही,” तो म्हणाला.

“कशी वाजवतील? दोन्ही हात गुंतलेले होते ना.”

“म्हणजे?” त्याने विचारलं.

“इथे गाणं आवडलं तर माणसं नाचतात,” मी म्हटलं. “नाही आवडलं तर बिअर आणायला जातात. त्या बिअरच्या खिडकीवर ॲग्नेस मावशी बसल्यात, बघून या किती गर्दी आहे ती.”

तो गेला. परत आला तो दाढीतल्या दाढीत हसत, दोन्ही हातांत पावात घातलेले सॉसेज घेऊन.

“झोपल्यात,” तो म्हणाला. “घोरतायत चक्क. मला उठवावं लागलं.”

“मग झालं तर. तेच तुमचं बक्षीस.”

“मला दुसरं हवं होतं,” तो म्हणाला आणि माझ्याशेजारी टेकला. “पण... सध्या सॉसेज चालेल.”

बुधवारी काकांच्या ट्रॅक्टर शेडमध्ये तालीम असायची. बाहेर एप्रिलचा पाऊस, पत्र्यावर त्याची टपटप, आत डिझेलचा वास. काका आणि ड्रमवाला कॉफी आणायला घरात गेले की आम्ही दोघंच उरायचो. ते दोघं जरा जास्तच वेळ लावायचे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

“एक विचारू?” रॉइस म्हणाला. आता आम्ही ‘अगं-अरे’वर आलो होतो. “मी गात असताना तू कधी मान वर का करत नाहीस? इतका वाईट दिसतो का मी?”

“दाढीमुळे नक्की सांगता येत नाही.”

“नेल्डा...”

“अरे, स्टीलला पडदे नसतात. या बघ, नुसत्या रेघा आखल्यात. डाव्या हातातली ही कांडी रेघेच्या बरोब्बर वर धरायची. केसभर सरकली की सूर गेला. त्यामुळे नजर इथेच ठेवावी लागते.”

“म्हणजे गाणं चालू असताना तुला मी दिसणारच नाही?”

“ऐकू येतोस. पुरे आहे तेवढं.”

“आणि तू कधीच चुकत नाहीस?”

“सहा वर्षांत एकदाही नाही,” मी म्हटलं. खोटं नव्हतं. आणि मला ते सांगायला फार आवडायचं, हेही खोटं नाही. बाई स्टील वाजवते म्हटल्यावर गावोगावचे पुरुष कान टवकारून बसायचे, कधी चुकते ते बघायला. मी त्यांना कधी ती संधीच दिली नव्हती.

रॉइस कॉफीच्या रिकाम्या कपाशी चाळा करत म्हणाला, “नॅशव्हिलला एकाने मला सांगितलं होतं, तुझा सूर उतरतो. गायला लागलास की गंजलेल्या फाटकाचा आवाज येतो, तो एक वेळ चालेल, पण तू खाली घसरतोस. तेव्हापासून भीती बसली होती. इथे आल्यावर ती गेली. मी तुझ्या स्टीलचं बोट धरून चालतो ना, म्हणून.”

त्यावर मी काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. पण मी पेडल तपासत बसले, आणि काका कॉफी घेऊन आले.

तिसऱ्या रविवारी हॉल भरून गेला होता. पलीकडच्या गावांतून लोक आले होते, नव्या गायकाला ऐकायला. पहिला भाग संपत आला तेव्हा रॉइसने माइक जरा जवळ ओढला.

“हे माझं स्वतःचं आहे,” तो म्हणाला. “या आठवड्यात झालं. वॉल्ट्झ आहे. जपून नाचा.”

गाणं एका ट्रकवाल्याचं होतं. पुढच्या फाट्यावर वळायचं असतं त्याला, रोज तो ठरवतो आणि रोज सरळच जातो, कारण सरळ रस्त्यावर एका खिडकीत दिवा असतो. एवढंच. मी रेघांकडे बघून वाजवत होते. दुसरं कडवं आलं आणि आवाजाची दिशा बदलली. तो माझ्याकडे वळला होता. माइक सोडून, अर्धा वळून, मला उद्देशून गात होता. हे मला कळलं. न बघता कळलं.

आणि मी मान वर केली.

किती वेळ? श्वास आत घ्यायला लागतो तेवढाच. पण हात घसरला. कांडी रेघेवरून खाली आली आणि स्टीलमधून असा बेसूर निघाला, की स्टेजजवळच्या जोडप्याचे पाय एकमेकांत अडकले. मी धडपडत परत रेघेवर आले. रॉइसचा आवाज मात्र अडखळला तो अडखळलाच. उरलेलं कडवं त्याने गळा आवळल्यासारखं म्हटलं.

मध्यंतरात तो सरळ माझ्याकडे आला. चेहरा पांढराफटक पडला होता.

“माझ्यामुळे तुझं वाजवणं बिघडलं,” तो म्हणाला. “घसरलो मी. तू मात्र सांभाळून घेतलंस. माफ कर.”

मी त्याला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं. पण आसपास आठ-दहा माणसं उभी होती, त्यातली निम्मी सहा वर्षं माझ्या चुकीची वाट बघत होती. मी म्हटलं, “होतं असं... कधी कधी.”

त्याने मान हलवली आणि तो काकांकडे गेला. मी बोटांतल्या, तारा छेडायच्या नख्या काढत बसले आणि मला सगळं ऐकू येत होतं.

“दुसरा गायक बघा,” तो सांगत होता. “नॅशव्हिलवाला खोटं बोलत नव्हता. स्टील समोर असूनही माझा सूर जातो, म्हणजे काय राहिलं?”

काकांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. बोलले काहीच नाहीत. त्यांची ती जुनी खोड आहे, माणसाला स्वतःच्याच तोंडाने बोलायला लावायची.

मी उठून बिअरच्या खिडकीशी गेले. ॲग्नेस मावशी जाग्या होत्या.

“तो सामान भरतोय,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“या हॉलमध्ये चाळिशीच्या पुढचं जेवढं माणूस आहे ना, त्या प्रत्येकाला कळलंय कोण चुकलं आणि का चुकलं. एकट्या त्या बिचाऱ्याला कळलेलं नाही. तू सांगणार, की मी सांगू?”

माझे कान तापले. सगळ्यांना कळलं होतं तर. म्हणजे मी लपवत होते ते कुणापासून? फक्त त्याच्यापासून, आणि नेमका तोच निघाला होता. मला माझीच लाज वाटली. मी धावत बाहेर आले. भुरभुर पाऊस होता आणि तो पिकअपच्या मागे गिटार ठेवत होता.

“तू चुकला नाहीस,” मी म्हटलं. “मी चुकले.”

“नेल्डा, नको. तू मला बरं वाटावं म्हणून...”

“तुला बरं वाटावं म्हणून मी माझं नाव खराब करेन? इतकी चांगली नाही मी. मघाशी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. माझा सूर गेला. तू जागच्या जागी होतास.”

“तू कधी चुकत नाहीस.”

“मी वर बघितलं.”

“का?”

पाऊस पापण्यांवर साचत होता. “तू... तू माझ्याकडे वळून गात होतास. मग काय करायचं माणसाने?”

त्याचा विश्वास बसला नाही. दिसत होतं ते चेहऱ्यावर. इतके दिवस आत रुतून बसलेली भीती माझ्या एका वाक्याने कशी निघणार? मी त्याचा हात धरला आणि ओढत त्याला हॉलमध्ये आणलं, सगळ्यांसमोरून, थेट स्टेजवर.

“इथे उभा राहा. माझ्या समोर. गाऊ नकोस.”

मी नख्या चढवल्या, कांडी उचलली. रेघांकडे बघत त्याच्या कडव्याची तीच ओळ वाजवली. स्वच्छ, लोण्यासारखी.

“आता बघ,” मी म्हटलं, आणि तीच ओळ त्याच्या डोळ्यांत बघून वाजवली.

कांडी जिथे घसरली होती तिथेच घसरली. हॉलभर हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, सहा वर्षं थांबलो त्याचं सार्थक झालं. मला हसू येत होतं, रडूही येत होतं.

“मुद्दाम केलंस,” रॉइस म्हणाला. पण आवाज हलला होता.

“माझे कान बघ कसे लाल झालेत. हे मुद्दाम करता येतं? तू मला आवडतोस. फार आवडतोस. पहिल्या दिवसापासून, ती गळकी हॅट धरून. आता जायचं तर जा, पण बेसूर आहेस म्हणून जाऊ नकोस.”

“खरं आहे ते, बाळा,” खिडकीतून ॲग्नेस मावशी म्हणाल्या. “मी तीन रविवार बघतेय.”

“तुम्ही तर झोपलेल्या होतात,” तो म्हणाला.

“एक डोळा उघडा असतो माझा.”

रॉइस दाढीवरून हात फिरवत राहिला, त्याचे डोळे भरले होते. एमिल काकांनी घसा खाकरला, स्टेजवर चढले, माइकचा दांडा उचलला आणि माझ्या खुर्चीच्या मागे, भिंतीजवळ नेऊन ठेवला.

“यापुढे गायक इथे उभा राहणार,” ते म्हणाले. “माझ्या बँडला चांगलं स्टील लागतं. गायकही बरा आहे. हिला दिसायला नको एवढंच.”

“म्हणजे मी राहू?” रॉइसने विचारलं.

“मला काय विचारतोस? लोक नाचायला उभे आहेत.”

ड्रमवाल्याने ताल धरला. मी मान खाली घातली. मागून पावलं आली, माइकशी थांबली. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, इतका जवळ.

“नेल्डा,” तो माइकमधून म्हणाला, साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं. “वर बघू नकोस. मी कुठेही जात नाहीये.”

मी वर बघितलं नाही. समोरच्या रेघा पाण्याने पुसट झाल्या होत्या, एकही धड दिसत नव्हती. तरी मी कांडी ठेवली, आणि सूर लागला.