वारा शोधायला आलेला माणूस

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो आमच्या घराच्या भिंतीला गाल लावून उभा होता.

मी भाजी घेऊन परतत होते. रस्ताभर धुकं… आणि एक परका तरुण डोळे मिटून आमच्या भिंतीशी हितगुज करतोय!

"अहो, बरं वाटत नाहीये का?"

तो दचकला. गालावर चुन्याचा पांढरा पट्टा. "नाही — म्हणजे, बरा आहे. नगरपालिकेतून आलोय. भिंत किती गार पडते ते बघत होतो."

"गालाने?"

"यंत्र आहे पिशवीत. पण गाल खोटं बोलत नाही."

आता लेक झोपली की मी तिच्या पायांना हात लावून बघते, गार तर नाहीत ना… मग पुन्हा बघते, आणि ती सकाळ आठवते. माझा स्वभाव तेव्हाही असाच, काळजीचा.

त्या वर्षी नगरपालिकेने जुन्या घरांसाठी अनुदान काढलं होतं. फटी बुजवायच्या, छताखाली ऊब धरणारा थर घालायचा, खिडक्यांना दुहेरी काचा बसवायच्या. थंडीत बाबांचे गुडघे आखडायचे, म्हणून आम्हीही अर्ज केला होता. आधी तपासणी, मग मंजुरी.

तपासणीची तऱ्हाच न्यारी. दारं-खिडक्या घट्ट लावायच्या, पुढच्या दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढायची आणि धुराची कांडी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायचं. जिथे फट, तिथे धूर वाकतो. तो पुढे, मी मागे. कपाटापाशी तो माझ्याकडे वळला, तसा धूर एकदम त्याच्याच तोंडावर गेला.

"इथे फट आहे?" मी वाकून विचारलं.

"इथे तुम्ही आहात," तो म्हणाला. "श्वास जरा… हळू घ्याल का?"

"घरात राहायचं तर श्वास घ्यावाच लागतो हो!"

तो हसला. कांडी मात्र विझेपर्यंत त्याने तिथून हलवलीच नाही.

शेवटी यंत्रावरचा हवेच्या गळतीचा आकडा बघून तो चक्रावला. "घर आहे की चाळण?" मग उलगडा झाला — स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडी! गॅस साचेल या धास्तीने मी ती कधीच पूर्ण लावत नसे. सगळी तपासणी वाया.

"पुन्हा यावं लागेल," तो म्हणाला. वाईट वाटल्यासारखं मुळीच नाही.

पुन्हा आला. या वेळी मी खिडकी न् खिडकी ओढून पाहिली होती. तरी आकडा तसाच — आता न्हाणीघराची झडप सताड उघडी!

"आई!"

"माझ्याकडे काय बघतेस? वाऱ्याने उघडली असेल," आई चहा गाळत म्हणाली. "बसा हो, वारेवाले. इतकी काय घाई?"

मी तिला आत ओढलं. "बाबांच्या गुडघ्यांचा तरी विचार कर!"

"त्यांना दोन शाली पांघरीन. तुझं काय ते बघ."

बाहेर तो कप धरून बसला होता. "तुम्हाला सारखी कसली भीती वाटते?"

"सगळ्याचीच. गॅसची, गारठ्याची… आलेलं माणूस परत न येण्याची."

बोलले आणि जीभ चावली. साखर कधीच विरघळली होती, तरी तो चहा ढवळत राहिला. मग उठला, आणि पुन्हा कधी येणार हे न सांगताच गेला.

पुढच्या आठवड्यात दार वाजलं. उघडलं तर एक पोक्त बाई. तोच पंखा, तशीच धुराची कांडी.

"ते… नाही आले?"

"त्याने तुमच्या घराचं काम सोडलं. साहेबांसमोर उभा राहून म्हणाला, हे घर मला नको."

जास्तच बोलून गेले होते ना मी! पंख्याची वायर उगाचच सरळ करत राहिले.

"मी म्हटलं, का रे, कुत्रं चावलं का तिथे?" बाई दारात पंखा बसवत सांगत होत्या. "तर म्हणतो, नात्यातल्या माणसाचं घर आपण तपासायचं नाही, असा नियम आहे ना? मी म्हटलं, तुझं कोण लागतं तिथे?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तर कान लाल करून म्हणतो, अजून कुणी नाही. पण… विचारणार आहे."

स्वयंपाकघरात आईच्या हातून काहीतरी खणकन पडलं.

"कुठे आहेत ते?"

"समोरच्या फुटपाथवर. तपासणी संपेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही, असा दम दिलाय मी."

मी घरातल्या चपलांवर तशीच धावले. तो दिव्याच्या खांबाशी हात चोळत उभा होता.

"झाली तपासणी?"

"आत्ता कुठे सुरू होतेय."

"मग मी… थांबतो."

"थांबा. नियम पाळून झाला ना? मग आता विचारा की!"

त्याने विचारलं. पण नेमका तेव्हाच आमच्या दारातला पंखा असा घरघरला, की मला एक शब्द ऐकू आला नाही. आणि प्रत्येक गोष्ट दोनदोनदा तपासून बघणारी मी — न ऐकताच 'हो' म्हणाले.