कॅसेट चालू असताना

"तू श्वास तरी घेतेस की नाही गं?"

हा आवाज मॉर्वेननं पहिल्यांदा ऐकला, तेव्हा तिनं उत्तर दिलं नाही. देता येणारच नव्हतं. समोर टिन हेरिंग नावाचा बँड वाजवत होता, तिच्या लोकरी टोपीत दोन्ही कानांवर इवले इवले माईक शिवलेले होते, आणि कोटाच्या आतल्या खिशातल्या रेकॉर्डरमध्ये कॅसेट फिरत होती. कॅसेट चालू असताना हलायचं नाही, गायचं नाही, टाळी द्यायची नाही, बोलायचं तर नाहीच… लपून रेकॉर्डिंग करणाऱ्या सगळ्यांचा हाच धर्म. ती वारा नसलेल्या खोलीतल्या ज्योतीसारखी उभी होती.

गाणं संपलं, आणि त्या आवाजाच्या मालकानं नेमकी तिच्या कानाशी टाळी हाणली. दणदणीत.

बँड उतरल्यावर तिनं खिशातलं बटण बंद केलं आणि मागे वळली.

"नाव काय तुझं?"

"लॅकलन. लॅकी म्हण."

"लॅकी, तुझी टाळी आता जपानला जाणार. तिथे एक बाई माझ्या कॅसेटची वाट बघत बसलीये. तिला वाटेल, ग्लासगोत गाण्यागणिक तोफ उडवतात."

तो ओशाळला. ओला कोट, नाकावर पावसाचा थेंब, आणि हसू असं, जणू चोरून घेतलेलं गोड बिस्कीट.

"भरपाई करतो. चिप्स खाणार?"

"व्हिनेगर जास्त लागेल."

"रागाला की चिप्सना?"

तिथून सुरू झालं.

टिन हेरिंगचं नाव कधी पोस्टरवर मोठ्या अक्षरांत आलं नाही. दुसऱ्या कुणा मोठ्या बँडच्या आधी, संध्याकाळी, हॉल अर्धा रिकामा असताना त्यांना अर्धा तास मिळायचा. लोक बिअरसाठी रांगेत, मंचाकडे पाठ, आणि गप्पा… मॉर्वेनच्या जुन्या कॅसेटांत प्रत्येक हळव्या गाण्यावर कुणाची तरी सासू, कुणाचं तरी पित्ताशय ठाण मांडून बसलेलं असायचं. लॅकीनं ते काम अंगावर घेतलं. तो तिच्या मागे बारकडे तोंड करून भिंतीसारखा उभा राहायचा, आणि कुणी बोलायला लागलं की त्याच्याकडे नुसतं बघायचा. लोक पुढे सरकायचे.

"बँडकडे पाठ करून उभा राहतोस. मग येतोस कशाला?"

"गाणं कानांनी ऐकतात, बाईसाहेब."

"आणि डोळे?"

"डोळ्यांना दुसरं काम आहे. कुठलं ते सांगितलं तर टोपी हलेल तुझी…"

दोन हिवाळे असे गेले. बँडच्या मागे गावोगाव, डंडी, पेस्ली, स्टर्लिंग… परतीच्या बसमध्ये एकाच इअरफोनचा एक कान त्याला, एक तिला. काचेवर पाऊस, मांडीवर गरम चिप्सची पुडी, आणि खांद्याला खांदा लागायचा तो रस्त्याच्या वळणानं, असं दोघंही धरून चालायचे. जिभेवर आलेलं ती रोज गिळायची. अर्ध्या तासाचं गप्प राहणं हळूहळू अंगात भिनलं होतं. बटण बंद झालं तरी ते सुटत नव्हतं.

मग एका संध्याकाळी चिप्सच्या दुकानात तो म्हणाला, "आईला झटका आलाय. एक बाजू गेली."

आई समुद्रापल्याड, न्यूफाउंडलंडला, थोरल्या मुलाकडे. आणि थोरला महिनोन्‌महिने मासेमारीच्या बोटीवर.

"जातोयस?"

"जायलाच हवं."

"किती दिवस?"

"दिवस नाही गं, मॉर्व…"

तिनं एक चिप व्हिनेगरात बुडवली. फिरवली. पुन्हा बुडवली.

"आई महत्त्वाची," ती म्हणाली.

"एवढंच?"

"थंडी असेल तिथे. मफलर घेऊन जा."

तो हसला, पण डोळे हसले नाहीत. काय बोलणार होती ती? जाणाऱ्याच्या पिशवीत धोंडा का घालायचा? तो नाही म्हणाला तर तिनं मरायचं, हो म्हणाला तर दोघांनी.

तो निघाला त्याच संध्याकाळी टिन हेरिंगचा कार्यक्रम होता, आणि तो शेवटचाच. बँड मोडत होता. दूरदूरची माणसं याच कॅसेटची वाट बघत होती, आणि रेकॉर्ड करणारी ती एकटी. विमानतळाची बस कार्यक्रम संपायच्या आतच सुटणार होती. तरी तो आला, पाठीवर सगळं सामान घेऊन.

"आजपण बोलायचं नाही?"

"आज तर नाहीच. शेवटची आहे ही."

"हो," तो म्हणाला. "शेवटचीच."

तिनं बटण दाबलं.

गाण्यामागून गाणं गेलं. मग तिच्या खांद्यावर हात टेकला, इतका हलका की माईकनाही कळू नये. क्षणभर राहिला. उचलला. तिनं मान वळवली नाही. मान वळली की गाणं या कानातून त्या कानात घसरतं, कॅसेट बिघडते. ती समोर बघत राहिली. समोरचे दिवे मात्र पाण्यात पडल्यासारखे पसरत गेले.

आणि मागून गप्पा ऐकू आल्या. कुणीतरी कुठल्यातरी गोलकीपरला शिव्या घालत होतं, मनसोक्त. दोन हिवाळ्यांत पहिल्यांदा.

भिंत गेली होती.

मंचावर शेवटचं गाणं सुरू झालं, त्यांनी कधीच न वाजवलेलं, नवं:

*दर्यापल्याड गेला गं माझा सखा, पोर कोळियाचा,*
*दिवा विझवू नका कुणी, रस्ता त्याच्या ओळखीचा…*

मॉर्वेन वळली. टोपी खसखसली, कोट घासला. "जाऊ द्या… सॉरी… जरा जाऊ द्या हो…" कुणाची बिअर सांडली, कुणी "डोळे फुटले का?" म्हणालं, आणि ते सगळं कॅसेटवर उतरत गेलं. दार आपटलं. गाणं मागे राहिलं, उशीत तोंड खुपसून रडावं तसं घुसमटत. पावसात चौक ओलांडला की बसस्थानक.

बसच्या पायरीवर त्याचा एक पाय होता.

"लॅकी…"

"बाई, चढायचंय का?" ड्रायव्हर.

"नाही, बोलायचंय."

"मग बोला लवकर. मला विमानं गाठायची असतात."

लॅकी खाली उतरला. त्यानं तिच्या टोपीकडे पाहिलं, मग कोटाच्या खिशाकडे.

"मॉर्व, कॅसेट…"

"चालू आहे."

"अगं, शेवटचं गाणं गेलं की."

"गेलं."

"सगळे वाट बघतायत त्याची. जपानवाली…"

"तिला हेच ऐकू दे."

त्याच्या ओठांवरून पाऊस ओघळत होता.

"थांब म्हणायला आले नाही मी," ती म्हणाली. "तू जायलाच हवंस. आणि परत येणं व्हायचं नाही, तेही कळतं मला. पण दोन हिवाळे मी गाणं निम्मंच ऐकलं रे. उरलेलं लक्ष मागे… तू आहेस ना, एवढंच बघत. माझं प्रेम आहे तुझ्यावर, लॅकी. त्या पहिल्या टाळीपासून."